पावसाळ्यात खाऱ्या टाकीचा आरसीसीबी पुन्हापुन्हा पडतो: गळती कुठे शोधायची आणि कशी बंद करायची

बडोद्यात पाऊस लागला की ही तक्रार सुरू होते आणि नवरात्राच्या सुमारास आपोआप मिटल्यासारखी वाटते. समुद्री माशांची टाकी हिवाळा-उन्हाळा नीट चाललेली असते. जुलैत एके दिवशी पहाटे तीन-चारला आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळू लागली की लाइन तोडणारा सुरक्षा-स्विच, पडतो (ट्रिप होतो). सकाळी लिव्हर वर केला की कधी लगेच राहतो, कधी दोन-तीनदा पडून मग राहतो. दुपारभर काही होत नाही. बोर्ड पुसून हेअर ड्रायरने वाळवला की आठवडाभर शांतता, मग पुन्हा तेच. वायरमन येतो तो दुपारी, आणि त्या वेळी त्याला काहीच सापडत नाही.

यावर दोन सल्ले हमखास मिळतात. ‘आरसीसीबीच खराब झालाय, बदलून टाका’ हा पहिला, आणि तो क्वचितच खरा निघतो. ‘३० मिलिॲम्पिअरचा काढा, १०० चा बसवा, कटकट जाईल’ हा दुसरा. तो कृपा करून ऐकू नका. १०० आणि ३०० मिलिॲम्पिअरचे आरसीसीबी आग लागू नये म्हणून असतात, माणूस वाचावा म्हणून ३० चा असतो. मिठाच्या पाण्यात बुडालेल्या हाताचा रोध हजार ओमच्या आसपास येऊ शकतो. २३० व्होल्टला त्यातून दोनशेहून जास्त मिलिॲम्पिअर वाहू शकतात, आणि हृदयाची लय बिघडायला त्याच्या कितीतरी कमी पुरतात. एमसीबी (करंट ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की तुटणारा स्विच) इथे कामाचा नाही. १६ ॲम्पिअरच्या एमसीबीला पाव ॲम्पिअरची चाहूलसुद्धा लागत नाही.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून पाहतो. दोन्हींत फरक पडला म्हणजे मधला करंट भलत्या वाटेने जमिनीत गेला. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी १५ च्या खाली पडू नये आणि ३० ला पडलाच पाहिजे, असं आयएस १२६४० हे मानक सांगतं. म्हणजे तो पहाटे पडला तर त्या क्षणी घरात कुठेतरी किमान १५ मिलिॲम्पिअर गळत होते. ते कुठे गळत होते, एवढाच शोध घ्यायचा आहे.

वाळवून काम का भागत नाही

पुन्हापुन्हा होणाऱ्या ट्रिपचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं, म्हणून हे जरा सविस्तर.

समुद्राचं पाणी २५ अंशांना साधारण ५३ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर इतकी वीज वाहून नेतं. नळाच्या पाण्याच्या हे पन्नास ते शंभर पट आहे. स्किमरच्या (पाण्यातला मळ फेसाबरोबर काढणाऱ्या यंत्राच्या) कपातून, ओव्हरफ्लोच्या (टाकीतलं वरचं पाणी खाली सोडणाऱ्या) पाइपच्या तोंडातून, सम्पमध्ये (टाकीखालच्या कॅबिनेटमधल्या गाळणीच्या भांड्यात) पडणाऱ्या धारेतून अतिशय बारीक तुषार उडत राहतात. त्यातलं पाणी उडून जातं, मीठ राहतं. ते वायरीवरून, काचेवरून, प्लगच्या पाठीवरून पांढऱ्या पापुद्र्यासारखं पुढे सरकत जातं. उन्हाळ्यात टाकी थंड राहावी म्हणून पाण्यावर पंखा लावला असेल तर हा साठा आणखी भराभर वाढतो. मे महिन्यात हवा कोरडी असल्यामुळे त्या मिठाचा काही त्रास होत नाही, कारण कोरडे स्फटिक वीज वाहून नेत नाहीत.

स्वयंपाकाचं शुद्ध मीठ हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून पाझरू लागतं. समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तेहतीस टक्क्यांच्या आसपासच पाणी धरायला लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे पहाटेची आर्द्रता नव्वदच्या घरात असते, वर कॅबिनेटच्या बंद दारामागे सम्पची वाफ कोंडलेली. अशा वेळी सॉकेटच्या दोन छिद्रांमधला पापुद्रा खाऱ्या पाण्याचा पातळ थर होतो. दुपारी हवा थोडी कोरडी झाली की तो पुन्हा सुकतो. ट्रिप पहाटे होतो आणि वायरमनला दुपारी काही दिसत नाही, ते यामुळे.

हेअर ड्रायरने पाणी जातं, मीठ तिथेच राहतं. कोरड्या फडक्याने पुसलं तर ते फटीत आणखी आत ढकललं जातं. म्हणून मीठ आधी गोड्या पाण्याने विरघळवून काढायचं आणि मग वाळवायचं. हा क्रम पाळला नाही तर आठवड्याने पुन्हा त्याच जागी बसावं लागेल.

ट्रिप झाल्यावर लगेच

पाण्यात हात घालू नका. टाकीच्या लाइनचा मेन बंद करा, हात कोरडे करा, पायात रबरी चप्पल घाला आणि सगळे प्लग उपसून काढा. प्लग पाण्यात किंवा ओल्या फरशीवर पडलेला असेल तर मीटरजवळचा मुख्य स्विच बंद झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

माशांसाठी पेन्सिल सेलवर चालणारा एअर पंप चालू करा. पाणी हलत नसेल तर भरलेल्या टाकीतला ऑक्सिजन काही तासांत खाली येतो, आणि ही भीती असली की माणूस घाईघाईने लिव्हर दाबून धरायला लागतो. तीस-चाळीस रुपयांचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवेच्या नळीत असू द्या, नाहीतर पंप थांबल्यावर नळीतून टाकीचं पाणी उलटं वाहत बोर्डापर्यंत येतं.

सम्पकडेही नजर टाका. वीज गेली की रिटर्न पाइपातून, म्हणजे सम्पचं पाणी पंपाने वर टाकीत नेणाऱ्या पाइपातून, टाकीचं पाणी खाली उतरतं. ते थांबवायला पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली ठेवलेलं सायफन तोडण्याचं छिद्र मीठ किंवा शेवाळाने बुजलं असेल तर सम्प काठोकाठ भरून बाहेर वाहतो. पहिला ट्रिप एका पंपामुळे आणि दुसरा कॅबिनेटच्या तळाशी भिजलेल्या एक्स्टेन्शनमुळे, असं मग होतं. दोन दोष एकत्र आले की शोध फार अवघड जातो. दर पाणीबदलाला ते छिद्र दातकोरणीने मोकळं करा. सम्पमध्ये पाण्याची रेघ अशी आखा की रिटर्न बंद पडला तरी वर चार बोटं जागा उरेल.

गळती शोधताना स्विच बंद करून भागणार नाही

बहुतेकांचा शोध इथेच फसतो. सॉकेटचा स्विच फक्त फेज तोडतो. न्यूट्रल प्लगमधून पंपापर्यंत जोडलेलाच राहतो. पंपाच्या आत खारं पाणी शिरून न्यूट्रल आणि अर्थ जोडले गेले असतील तर स्विच बंद असूनही घरातल्या दुसऱ्याच कुठल्या उपकरणाचा परतीचा करंट त्या वाटेने फुटतो आणि आरसीसीबी पडतो. ‘सगळं बंद केलं तरी पडतो, म्हणजे टाकीचा दोष नाही’ असा चुकीचा निष्कर्ष मग निघतो. एका पोलच्या एमसीबीचंही असंच आहे. शोध घेताना प्रत्येक प्लग उपसून बाहेर ठेवा.

सगळे प्लग काढून आरसीसीबी वर करा. तरीही तो राहत नसेल तर दोष सॉकेटमध्ये, भिंतीतल्या वायरीत किंवा घराच्या इतर भागात आहे. टाकीमागची भिंत ओलीने फुगलेली असेल तर तिथला मॉड्युलर बोर्ड इलेक्ट्रिशियनकडून उघडून घ्या. मागच्या स्क्रूंवर हिरवट-निळी बुरशीसारखी पावडर दिसली तर ती गंजलेल्या तांब्याची. असं सॉकेट साफ करत बसू नका, बदला.

आरसीसीबी राहिला तर एकेक उपकरण लावत जा आणि प्रत्येकाला किमान दहा मिनिटं द्या. थंड पंपाची फट बंद असते, गरम झाल्यावर उघडते. हीटर तपासताना थर्मोस्टॅट इतका वाढवा की दिवा पेटेल, कारण तार तापल्याखेरीज काचेतली केसाएवढी चीर बोलत नाही. हे सगळं दुपारी करण्यात अर्थ नाही. रात्री अकरानंतर किंवा पहाटे, कॅबिनेटचं दार नेहमीसारखं बंद ठेवून करा.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे लीकेज क्लॅम्प मीटर. साधा क्लॅम्प मीटर चालणार नाही. मिलिॲम्पिअरचा शंभरावा भाग दाखवणारा हवा. पॅनेलचं काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडे तो बहुधा असतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकत्र त्याच्या जबड्यात घ्यायच्या, अर्थची तार बाहेर ठेवायची. जो आकडा दिसेल ती गळती. दुहेरी इन्सुलेशनचा दोन पिनांचा पंप पाव मिलिॲम्पिअरच्या आत हवा. तीन पिनांचं उपकरण किंवा अडॅप्टर पाऊण मिलिॲम्पिअरपर्यंत चालेल. एकच वस्तू एक मिलिॲम्पिअरच्या वर गेली तर ती वेगळी काढून तपासा, आणि तीनच्या वर गेली तर पुन्हा लावू नका.

घराची स्वतःची गळतीही मोजून घ्या. फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, टीव्ही यांच्या फिल्टरमधून थोडाथोडा करंट अर्थमध्ये जातोच, आणि सगळं मिळून आठ-दहा मिलिॲम्पिअर सहज होतात. मग पंधरापर्यंत पोचायला टाकीच्या वाट्याला पाचच उरतात. अशा घरात टाकीचा किरकोळ दोषही साऱ्या घराला अंधारात बसवतो, आणि फ्रिजचा दोष रिटर्न पंप बंद पाडतो. टाकीला वेगळी लाइन का हवी, हे यावरून लक्षात येईल.

क्लॅम्प मीटर मिळत नसेल तर मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर) वापरता येतो. संशयित पंप अर्धा तास चालवून गरम करा, प्लग काढा आणि तो टाकीच्याच पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या बादलीत रात्रभर ठेवा. पाण्यात स्टीलचा चमचा सोडा. फेज-न्यूट्रलच्या पिना एकत्र जोडून त्या आणि चमचा यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा मेगर लावायचा. हे काम इलेक्ट्रिशियनचं आहे, आणि मेगर चालू असताना पाण्यात कोणी हात घालायचा नाही. चांगला पंप शेकडो मेगाओम दाखवतो. एक मेगाओमच्या खाली आला तर तो बाद, जरी आज ट्रिप होत नसला तरी. ट्रिप व्हायला रोध पंधरा हजार ओमपर्यंत घसरावा लागतो, पण मेगर त्याच्या कितीतरी आधी दोष दाखवतो. मात्र ही चाचणी साध्या एसी पंपांची आणि हीटरची. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारे डबे), कंट्रोलर, डीसी पंपांचे अडॅप्टर यांना मेगर लावला तर आतले भाग जळू शकतात.

ट्रिप कधी होतो, त्यावरून काय कळतं

फक्त पहाटे आणि फक्त दमट दिवसांत होत असेल तर मीठ बोर्डावर, प्लगवर किंवा एक्स्टेन्शनवर आहे. पाण्यात बुडालेला पंप दुपारी आणि पहाटे सारखाच ओला असतो, तो वेळ पाहून दोष दाखवत नाही. पाणी बदलल्यानंतर तासाभरात होत असेल तर ओघळ शोधा. एखाद्या वायरीवरून थेंब थेट प्लगमध्ये उतरतो आहे. ठरावीक वेळाने, पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने होत असेल तर थर्मोस्टॅटवर चालणारं काहीतरी, म्हणजे हीटर किंवा चिलर. दिवे पेटायच्या नेमक्या वेळी होत असेल तर अनेक ड्रायव्हर एकदम चालू झाल्याचा झटका असू शकतो. टायमरमध्ये दोन-दोन मिनिटांचं अंतर देऊन पाहा.

चिलरला आपल्याकडे पर्याय नाही. उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश हवेत टाकी सव्वीसवर ठेवायची म्हणजे तो चालणारच. पावसाळ्यात मात्र त्याच्या थंड नळ्यांवर दव धरतं आणि थेंब खालच्या सॉकेटवर पडतात. हे पाणी गोडं असतं, पण खाली साचलेलं मीठ ओलं करायला पुरेसं. नळ्यांना एसीच्या पाइपवर घालतात तसं काळं फोमचं आवरण घाला आणि चिलरखाली कधीही बोर्ड ठेवू नका.

हीटरबद्दल आमचं मत ठाम आहे: बडोद्यात मार्च ते ऑक्टोबर तो टाकीत ठेवायचं कारण नाही. थर्मोस्टॅट बंद असला तरी एक तार जोडलेली असतेच, आणि सहा-आठ महिने नुसत्या बुडून राहिलेल्या हीटरच्या टोपीतलं रबर शेवटी पाणी आत घेतं. काढा, गोड्या पाण्याने धुवा, वाळवून ठेवा. थंडीत लावलेला असेल तेव्हा पाणी बदलण्याआधी प्लग काढून वीस मिनिटं थांबा. गरम काच पाण्याबाहेर आली, नंतर पुन्हा भिजली की तडकते, आणि तो तडा नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही.

पाण्यातले जंतू मारणारा यूव्ही दिवा लावला असेल तर त्याच्या क्वार्ट्झ नळीची ओ-रिंग बघा. ती जरा पाझरली की पाणी थेट दिव्याच्या होल्डरमध्ये जातं. ही जागा भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते.

पंपांमध्ये दोन ठिकाणं दगा देतात. केबल पंपात शिरते तिथला इपॉक्सीचा ठोकळा, आणि ओव्हरफ्लोच्या दातांवर किंवा काचेच्या कडेवर केबल रगडली जाते ती जागा. केबलवर नख फिरवत पूर्ण लांबी तपासा. खाच लागली की तो पंप बाद. पाण्याखालच्या केबलला टेप गुंडाळून चालत नाही. केशाकर्षणाने खारं पाणी तारांच्या मधून चढत चढत प्लगपर्यंत पोचतं.

पाण्यात मल्टिमीटर घातला आणि ४० व्होल्ट दिसले

हे पाहून पुष्कळ जण घाबरतात. पंपातलं विद्युतचुंबक आणि पाणी यांच्यामध्ये इन्सुलेशन असलं तरी धारिता (कपॅसिटन्स) असते, आणि डिजिटल मीटरचा रोध दहा मेगाओमच्या आसपास असल्यामुळे जवळजवळ शून्य करंटलाही तो व्होल्ट दाखवतो. एकेक प्लग काढत गेलं की आकडा पायरीपायरीने उतरत असेल आणि लीकेज क्लॅम्पवर काही नसेल तर ही धारितेची सावली आहे, गळती नाही. मीटरला कमी रोधाची एलओ-झी सोय असेल तर त्यावर हाच आकडा जवळपास शून्यावर येतो. मात्र शंभराच्या वर व्होल्ट असतील आणि एकच प्लग काढल्यावर सगळे कोसळत असतील तर त्या उपकरणातून थेट फेज पाण्यात येतोय. निऑनच्या टेस्टरवर विसंबू नका. तो सावलीलाही पेटतो, आणि न्यूट्रल पाझरत असेल तर पेटतच नाही.

अर्थिंग: जुन्या घरांचा खरा प्रश्न

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या जुन्या घरांतून तीन छिद्रांची सॉकेटं बसलेली दिसतात, पण वरच्या मोठ्या छिद्राला मागे तारच नसते. आरसीसीबीला काम करायला अर्थिंग लागत नाही, हे खरं. पण अर्थिंग असेल तर गळती आधी त्या तारेतून जाते आणि कोणी हात लावायच्या आधीच लाइन तुटते. नसेल तर गळतीला जमिनीकडे जायला पहिली वाट मिळते ती पाण्यात हात घालणाऱ्या माणसाची. आरसीसीबी तेव्हाही पडेल, ३० मिलिॲम्पिअरला जास्तीत जास्त ०.३ सेकंदात, पाचपट गळतीला ०.०४ सेकंदात. झटका मात्र बसलेला असेल.

काही ठिकाणी ‘अर्थिंग करून देतो’ म्हणून सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ तारेने जोडलेले सापडतात. हे तातडीने काढून घ्या. वाटेत कुठे न्यूट्रल तुटला तर चिलरचं धातूचं अंग आणि प्रत्येक अर्थ पिन फेजवर येते. आरसीसीबी असलेल्या लाइनवर अशी जोडणी असेल तर तो कारण नसताना पडत राहतो, ते वेगळंच.

टाकीसाठी आयएस ३०४३ प्रमाणे अर्थ इलेक्ट्रोडपासून सलग तार हवी. फेज-अर्थमध्ये २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत, हे इलेक्ट्रिशियनने भार देऊन तपासावं. नुसत्या मीटरने लोंबकळती तारही बरी दिसते.

पाण्यात टायटॅनियमचा ग्राउंडिंग प्रोब (पाणी अर्थच्या तारेला जोडणारी काडी) सोडावा की नाही, यावर वाद खूप होतात. आरसीसीबी चालू स्थितीत आहे आणि अर्थिंग तपासलेलं आहे, तर जरूर सोडा, कारण दोष निर्माण होताच लाइन पडेल. दोन्हींपैकी एक नसेल तर सोडू नका. आरसीसीबीशिवाय प्रोब म्हणजे करंटला कायमची उघडी वाट, आणि तीही माशांमधून.

इन्व्हर्टरवर टाकी चालवणाऱ्यांनी एक जागा नीट बघावी. घराचा आरसीसीबी इन्व्हर्टरच्या आधी असतो. लाइट गेल्यावर बॅटरीवर चालणाऱ्या पंपातून गळती झाली तर त्या आरसीसीबीला ती दिसतच नाही. इन्व्हर्टरच्या आउटपुटनंतर, टाकीच्या लाइनवर वेगळा आरसीसीबी असायला हवा, आणि बॅटरीवर न्यूट्रल-अर्थची स्थिती काय राहते हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या. इन्व्हर्टरचा न्यूट्रल आणि घराच्या दुसऱ्या लाइनचा न्यूट्रल एका पट्टीवर मिसळले असतील तर लाइट येता-जाता ट्रिप होणार. ती चूक पॅनेलमध्ये सुधारायची असते, टाकीत शोधून सापडणार नाही.

मीठ उतरवायची रीत

मेन बंद, प्लग बाहेर. कपड्याचा तुकडा आरओच्या कोमट पाण्यात भिजवून पिळा, प्लगचा पृष्ठभाग आणि वायर पुसा, पाणी बदलून पुन्हा पुसा. पिनांच्या मुळाशी मऊ टूथब्रश फिरवा. जिथे पापुद्रा पाण्याने सुटत नाही तिथे तो मीठ नसून कॅल्शियमचा थर असतो. त्याला पांढरं व्हिनेगर लावा, पण नंतर पाण्याने धुवायला विसरू नका. शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तासभर उघडं वाळू द्या. अल्कोहोलची वाफ पेट घेते, त्यामुळे ती पूर्ण उडाल्याशिवाय वीज चालू करायची नाही. मिठाळलेलं एक्स्टेन्शन धुऊन वाचवायचा प्रयत्न करू नका. आतल्या पितळी पट्ट्यांपर्यंत कापड पोचत नाही.

पिन काळवंडली असेल किंवा सॉकेटचं प्लॅस्टिक तपकिरी झालं असेल तर तो गळतीपेक्षा वेगळा धोका आहे. गंजलेल्या जोडाचा रोध एक ओम झाला आणि त्यातून तीन ॲम्पिअर गेले की त्या टिचभर जागेत नऊ वॉट उष्णता तयार होते. करंट फेजमधून जाऊन न्यूट्रलमधूनच परत येत असल्यामुळे आरसीसीबीला फरक दिसत नाही, आणि तीन ॲम्पिअर एमसीबीला नगण्य. आग लागेपर्यंत काहीच तुटत नाही. महिन्यातून एकदा, टाकी दोन-तीन तास चालल्यावर, मेन बंद करून प्लग काढा आणि पाठीला हात लावून बघा. कोमटपेक्षा जास्त गरम लागला तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला.

बोर्ड कुठे हवा

सम्पच्या कॅबिनेटमध्ये नको. हीच एक गोष्ट केली तरी पावसाळ्यातल्या बऱ्याच ट्रिपांचं कारण जातं. बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर, टाकीच्या कडेपासून आडवं किमान दोन फूट दूर, उभा बसवा. आडव्या बोर्डाची छिद्रं वाटीसारखी थेंब झेलतात. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली चार-सहा इंच झोळीसारखी लोंबू द्या आणि मग वर न्या. थेंब त्या झोळीच्या तळाशी गळून पडतो, प्लगपर्यंत चढत नाही. अडॅप्टर आणि ड्रायव्हरही बाहेरच ठेवा, जमिनीवर नाही.

कॅबिनेटमधून वायर बाहेर काढायच्या भोकाला केबल ग्लँड किंवा रबरी ग्रोमेट लावा. ते बुजवायला टाकीचं उरलेलं सिलिकॉन मात्र वापरू नका. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि जवळचं तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. डबा लावायचा असेल तर आयपी ६५ चा (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न घेणारा), वायरी खालून आत घेतलेल्या. वरच्या बाजूला भोक पाडलं की तो डबा आयपी ६५ राहत नाही. कॅबिनेटच्या मागच्या पाटीवर १२ व्होल्टचा छोटा पंखा आतली हवा बाहेर फेकेल असा बसवा, आणि स्किमरच्या कपाच्या हवेच्या तोंडावर स्पंजचा तुकडा ठेवा. पावसाळ्यात हा स्पंज दर आठवड्याला धुवावा लागतो.

टाकीची लाइन वेगळी काढताना १० ॲम्पिअर सी कर्व्हचा (सुरुवातीच्या झटक्याला लगेच न पडणारा), ३० मिलिॲम्पिअरचा, दोन पोलचा आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकाच डब्यात) घ्या, ए टाइपचा. डीसी पंपांच्या आणि दिव्यांच्या ड्रायव्हरमध्ये रेक्टिफायर असतात, आणि त्यातून होणारी अर्धवट डीसी गळती एसी टाइपला नीट पकडता येत नाही. पैसे परवडत असतील तर दोन आरसीबीओ घाला: एकावर रिटर्न पंप, स्किमर, हीटर किंवा चिलर, दुसऱ्यावर पॉवरहेड (टाकीतच पाणी फिरवणारे छोटे पंप) आणि दिवे. पहाटे एक पडला तरी दुसऱ्यावरचे पॉवरहेड पाणी हलतं ठेवतील आणि मासे तगतील. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर न पडणारा आरसीबीओ त्याच दिवशी बदलून घ्या.

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी बोर्डाची उंची टाकीवरून नाही, पाण्याच्या जुन्या खुणेवरून ठरवावी. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचं पाणी ज्या घरांत शिरलं तिथे भिंतीवर ती रेघ अजून असेल. त्याच्या दीड फूट वर बोर्ड, आणि पाणी अंगणात येताच टाकीचा मेन बंद. पुरात भिजलेलं सॉकेट, आरसीबीओ, एक्स्टेन्शन वाळवून परत वापरायचं नाही.

राहिली गोष्ट गंजलेला प्लग कापून नवा लावण्याची. कापल्यावर तांब्याचे धागे बघा. चकचकीत असतील तर सोला, तीन पिनांचा आयएसआय छापाचा टॉप लावा, अर्थची तार इतर दोन तारांपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे ताण आला तरी ती शेवटी तुटेल. धागे काळे असतील तर आणखी चार इंच कापून पुन्हा बघा. फूटभर कापूनही काळेच दिसले तर खारं पाणी पंपाच्या बाजूने चढून इथवर आलेलं आहे. त्या केबलला नवा प्लग लावू नका, पंप काढून टाका.